रविवारी बार्सिलोना, शुक्रवारी ऑस्ट्रिया: शर्यतीच्या ट्रकमागचं गणित

२०२४ च्या २३ जूनला, रविवारी, स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पुढची ३० जूनला ऑस्ट्रियातल्या श्पीलबर्गला, आणि त्यापुढची ७ जुलैला इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला. टीव्हीवर या तिन्ही शर्यती पाहणाऱ्याला गॅरेजमध्ये मात्र एकच चित्र दिसलं. तीच रंगीत भिंत, तीच चकचकीत फरशी, तेच दिवे, आणि जिथल्या तिथे लावलेले पाने-पेंचिस. खरं तर ट्रॅकवाले संघाला देतात तो एक रिकामा गाळा असतो. फरशीपासून दिव्यांपर्यंत सगळं संघ आपल्याबरोबर आणतो, आणि रविवारी रात्री उचलून पुढच्या देशात नेतो. हे जमतं कसं?

उत्तर ट्रकच्या केबिनमध्ये बसलेलं असतं. परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला ट्रक नवा नाही. कल्याणहून निघून पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेडकडे आणि पुढे तेलंगणातल्या निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ रात्रंदिवस ट्रकांनी भरलेला असतो. मानवत-सेलूच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी निघतात, एकेक गाठ १७० किलोची. भरणं-उतरवणं हमालांचं; रस्सा, ताडपत्री, बिल्टी आणि माल वेळेवर पोचवणं चालकाचं. पोचल्यावर नंबर लागेपर्यंत तो गेटबाहेर थांबतो. माल उतरला की त्याची ट्रिप संपली. शर्यतीच्या संघातल्या चालकाचं अर्धं काम मात्र पोचल्यावर सुरू होतं.

शर्यतीची गाडी रस्त्याने का जात नाही?

ताशी ३०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ट्रकवर घालून न्यावं लागतं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ट्रॅकवरच्या गाडीला नोंदणीचा नंबर नसतो, हॉर्न नसतो, समोरचे दिवे नसतात. कोरड्या ट्रॅकचे तिचे टायर अगदी गुळगुळीत असतात. पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचाच नसल्यामुळे ओल्या रस्त्यावर ते घसरतात. पोट जमिनीपासून काही सेंटिमीटरच वर असतं, म्हणजे आपल्याकडचा पहिलाच गतिरोधक तिला अडवेल.

रॅलीची गोष्ट वेगळी. नाशिकला भरणाऱ्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’सारख्या स्पर्धांत एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याकडे जाताना गाडीला सार्वजनिक रस्त्यानेच जावं लागतं. त्यामुळे त्या गाडीला नंबर, दिवे, कागदपत्रं सगळं लागतं. पण तिचे सुटे भाग, जॅक, जादा टायर आणि तंबू तरी मागच्या गाडीतूनच येतात.

निम्मं काम चालवण्याचं, निम्मं मांडण्याचं

तमाशाचा मोठा फड जसा गावोगावच्या जत्रा करतो, तसाच शर्यतीचा संघ फिरतो. आज एका गावी कनात, रंगमंच, दिवे, भोंगे उभे करायचे, वग संपला की पहाटेपर्यंत सगळं उतरवून गाड्यांत भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढच्या गावी तोच रंगमंच पुन्हा उभा. या कामात सामान भरण्याचा क्रम चुकला तर सगळंच अडतं. आधी लागणारी वस्तू शेवटी भरायची, म्हणजे ती फाळक्याजवळ राहते.

शर्यतीच्या ट्रकमध्ये फाळक्याजवळ असते ती फरशी, भिंतींच्या चौकटी, वीजतारा आणि डोक्यावरचे दिवे. भिंत उभी राहिल्याशिवाय संगणक लावता येत नाहीत, आणि फरशी पडल्याशिवाय भिंतही उभी राहत नाही. प्रत्येक पेटीची जागा ठरलेली असते. ती कोणत्या ट्रकमध्ये, कोणत्या खणात, कुठल्या पेटीनंतर जाते हे चालकाला पाठ असतं, कारण बहुतेक वेळा ती त्यानेच भरलेली असते.

रविवारी शर्यत संपली की गाड्या लगेच हाती येत नाहीत. त्या तपासणीसाठी अधिकाऱ्यांच्या ताब्यात काही तास राहतात. तोवर भिंती उतरतात, तारा गुंडाळल्या जातात, हत्यारांच्या पेट्या बंद होतात. गाड्या सगळ्यात शेवटी येत असल्या तरी त्यांच्यामुळे फाळक्याची वाट अडत नाही. अनेक ट्रेलर दुमजली असतात. वरच्या मजल्यावर गाड्या, खाली हत्यारं आणि सुटे भाग.

ट्रॅकवर पोचल्यावर ट्रेलर नुसते उभे करून चालत नाहीत. गॅरेजच्या मागे ते एका रेषेत, एकमेकांना जवळजवळ टेकून लावायचे असतात. ट्रेलरमध्ये अभियंत्यांची बसायची जागा असते, तिथून गॅरेजकडे वीज आणि माहितीच्या तारा जातात, आणि जिथे दोन ट्रेलरांमध्ये पट्टी मोकळी ठेवतात तिथे छत टाकून टायरांची जागा करतात. सोळा-साडेसोळा मीटर लांबीचं ते धूड रिव्हर्समध्ये घेऊन विताएवढ्या फटीवर आणणं ही पारखायची कला आहे. घाटात समोरासमोर अडकलेल्या गाड्यांतून वाट काढणाऱ्या आपल्या चालकांना ती अनोळखी वाटणार नाही.

मग येतात टायर. फॉर्म्युला वनमध्ये नेहमीच्या शर्यतीला प्रत्येक गाडीला कोरड्या ट्रॅकसाठीचे १३ संच मिळतात. दोन गाड्यांचे मिळून १०४ टायर झाले, पावसाचे वेगळेच. रिम धुवायच्या, टायर पुरवणाऱ्या कंपनीच्या तंबूत न्यायच्या, टायर चढवून आणायचे, हवा तपासायची, कोणता टायर कोणत्या गाडीच्या कोणत्या चाकाचा याची नोंद ठेवायची आणि विजेच्या उबदार आवरणात ते गुंडाळून ठेवायचे. अनेक संघांत हे काम ट्रकचालकच करतात. संघातल्या लोकांनी त्यांना ‘ट्रकी’ असं नाव दिलं आहे. शर्यत दूरच्या खंडात असली तर सामान विमानाने आणि जहाजाने जातं. तेव्हा हेच लोक विमानाने जाऊन गॅरेज मांडतात आणि टायर सांभाळतात. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हा संघांच्या गाड्याही विमानानेच आल्या होत्या.

गाडी चढते कशी, बांधतात कशी

ट्रकला उतरती फळी लावून गाडी वर ढकलावी, हा आपल्याला सुचणारा सरळ उपाय. पण तो इथे चालत नाही. गाडीचं नाक पुढच्या चाकांच्या पुढे मीटरभर आलेलं असतं आणि ते जमिनीला जवळजवळ टेकलेलं असतं. फळीचा चढ नुसता १० अंशांचा धरला तरी एका मीटरच्या अंतरात ती साधारण १७ सेंटिमीटर वर चढते. म्हणजे चाक फळीपर्यंत पोचण्याआधीच नाक तिच्यावर आपटणार. नाकाला जोडलेला पंख कार्बन फायबरचा असतो; वजनाला हलका आणि किमतीला जबर.

म्हणून ट्रेलरच्या मागे उचलणारं पाट असतं. पंप तेलाला दाब देतो, ते तेल नळकांड्यांतले दट्टे पुढे ढकलतं आणि पाट आडवंच वर जातं. गाडी त्यावर सपाट उभी राहते, वरच्या मजल्याच्या पातळीला आल्यावर माणसं तिला हाताने आत ढकलतात. कुठे हात लावायचा आणि कुठे चुकूनही लावायचा नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

आत गेल्यावर गाडी बांधायची. बांधणीचा हिशेब ट्रकच्या ब्रेकवरून निघतो. ब्रेक दाबल्यावर ट्रक थांबतो, पण आतल्या मालाचा वेग तसाच असतो, म्हणून तो पुढे जाऊ पाहतो. युरोपातल्या नियमाप्रमाणे बांधणी अशी हवी की मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढच्या दिशेने आला तरी माल हलू नये, आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर सोसावा. २०२४ च्या नियमात फॉर्म्युला वनच्या गाडीचं किमान वजन, चालक धरून, ७९८ किलो होतं. म्हणजे तेवढ्या वजनाच्या गाडीला पुढच्या बाजूला सुमारे ६४० किलो वजनाइतका जोर पेलणारे पट्टे लागतात.

पट्टे गाडीच्या अंगाला न लावता चाकांवरून घेतात, कारण गाडीचं अंग सस्पेन्शनवर, म्हणजे स्प्रिंगांच्या आधारावर, वरखाली होत असतं. अंगाला बांधलं तर खड्ड्यात गाडी दबते, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि पुढच्या क्षणी हिसका बसतो. चाक ट्रेलरच्या तळाशी घट्ट धरलं की गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर डुलली तरी जागा सोडत नाही. निघाल्यावर थोडं अंतर कापून चालक थांबतो आणि सगळे पट्टे पुन्हा आवळतो. नव्याने ताणलेला पट्टा पहिल्या धक्क्यांत बसतो आणि ढिला होतो. कापसाच्या गाठी नेणारा चालकही पहिल्या ढाब्यावर रस्सा ओढून पाहतो, त्याचं कारण हेच आहे. टाकीतलं पेट्रोल आधीच काढलेलं असतं. ज्वालाग्राही माल नेण्याचे नियम आणि परवाने वेगळे असतात.

तासांचं कोडं

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बार्सिलोना ते श्पीलबर्ग हे अंतर रस्त्याने साधारण पंधराशे ते सोळाशे किलोमीटर. आपल्याकडे एखादा मालक म्हणेल, “दोन रात्री मारल्या की पोचेल.” युरोपात तसं करता येत नाही, कारण ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं.

गिअरबॉक्सजवळचा एक संवेदक चाकांच्या फिरण्याचे ठोके या यंत्राला पाठवतो. चालक आपलं चिप असलेलं कार्ड त्यात घालतो. गाडी किती वाजता हलली, कधी थांबली हे सगळं त्या कार्डावर चालकाच्या नावाने नोंदलं जातं. पोलीस रस्त्यात कार्ड मागून मागच्या आठवड्यांचा हिशेब पाहू शकतात.

> चौकट: युरोपातल्या ट्रकचालकाचे तास
> सलग साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती.
> दिवसाला ९ तास चालवणं. आठवड्यातून दोनदा १० तासांपर्यंत.
> आठवड्याला जास्तीत जास्त ५६ तास, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०.
> दिवसाकाठी सलग ११ तास विश्रांती. काही दिवशी ती ९ तासांवर आणता येते.
> आठवड्याची पूर्ण सुट्टी ४५ तासांची, आणि ती केबिनमध्ये झोपून काढता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. टॅकोग्राफ फक्त चालवण्याचे तास मोजत नाही. टायर धुणं, भिंती उतरवणं, पेट्या भरणं हीसुद्धा कामंच, आणि तीही नोंदवावी लागतात. समजा, एक चालक रविवारी सकाळी ८ वाजता टायरांच्या कामाला लागला. शर्यत दुपारी ३ ला सुरू झाली, आवराआवर रात्री ११ पर्यंत चालली. कामाला लागल्यापासूनच्या २४ तासांत त्याला किमान ९ तासांची सलग विश्रांती मिळालीच पाहिजे. रात्री ११ ते सकाळी ८, हिशेब बरोबर ९ तासांचा. म्हणजे दिवसभर गॅरेजमध्ये राबलेल्या या माणसाला आता एक किलोमीटरही ट्रक हलवता येत नाही.

म्हणून लागोपाठच्या शर्यतींना अनेक संघ ताजे चालक बाहेरून आणतात. ते रविवारी हॉटेलात झोपून राहतात आणि रात्री चाकावर बसतात. फ्रान्स, जर्मनीत रविवारी रात्री १० पर्यंत जड ट्रकांना रस्त्यावर बंदी असते. त्यामुळे निघण्याची वेळही आपोआप तीच ठरते.

एकच चालक रात्री ११ ला निघाला आणि त्याला ताशी सरासरी ७० किलोमीटर पडले, तर एका पाळीत ९ तास चालवून तो ६३० किलोमीटर कापतो. मग ११ तास झोप, मग दुसरी पाळी, पुन्हा झोप, आणि उरलेलं अंतर. मंगळवारची रात्र होते. दोन चालक असतील तर एक चालवतो तेव्हा दुसरा शेजारी बसतो. नियम त्यांना ३० तासांच्या मुदतीत ९ तासांची झोप घ्यायला सांगतो. दोघे मिळून १८ ते २० तास चालवू शकतात, म्हणजे साडेबाराशे ते चौदाशे किलोमीटर. झोप घेऊन उरलेलं अंतर मंगळवारी सकाळी संपतं. हा अर्धा-पाऊण दिवस फार मोलाचा आहे. शुक्रवारी सरावासाठी गाड्या ट्रॅकवर उतरायला हव्यात, त्याआधी तपासणी, त्याआधी गॅरेजची मांडणी.

मोठ्या संघाला असे किती ट्रक लागतात, याचा अंदाज एका प्रयोगावरून येतो. २०२२ मध्ये मर्सिडीज संघाने युरोपातल्या शेवटच्या तीन शर्यतींसाठी आपले १६ ट्रक वनस्पती तेलापासून केलेल्या डिझेलवर चालवून पाहिले होते.

सीमा आणि कागद

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून सीमेवर पुन्हा जकातीची तपासणी सुरू झाली. फॉर्म्युला वनचे बहुतेक संघ इंग्लंडमध्ये असल्याने ही डोकेदुखी त्यांना दर हंगामात येते. यावर उपाय म्हणजे ‘एटीए कार्ने’ हा दस्तऐवज. आम्ही हा माल विकायला नेत नाही, तात्पुरता नेतो आणि परत आणणार आहोत, अशी हमी त्यात असते. वर्षभराची मुदत असते, आणि ट्रकमधल्या वस्तूंची यादी क्रमांकांसह जोडावी लागते. यादीत नसलेली पेटी ट्रकमध्ये निघाली तर सीमेवर खुलासा द्यायला चालकच उभा असतो. भारतात हे कार्ने ‘फिक्की’ ही उद्योजकांची संस्था देते.

देशातल्या देशात आपल्याकडे ई-वे बिल लागतं. पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवायचा तर ते काढायचं. विक्री नसेल तर डिलिव्हरी चलनावर. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरतात. पुण्याहून चेन्नई बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहा दिवस.

आपल्याकडे हे काम कुठे आहे?

परभणीत ट्रॅक नाही. मोठे ट्रॅक दक्षिणेत आणि दिल्लीजवळ आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. महाराष्ट्रातल्या प्रत्येक संघाला म्हणूनच लांबची वाहतूक चुकत नाही. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो कप ही एकाच जातीच्या गाड्यांची शर्यत सुरू केली. तिचा कारभार पुण्याहून चाले आणि शर्यती चेन्नई, कोइंबतूर, नोएडाला होत. सगळ्या स्पर्धकांच्या गाड्या एकाच ठिकाणाहून निघत, त्यामुळे एकेका फेरीला ट्रकांचा ताफाच हलवावा लागे. कार्टिंगच्या, म्हणजे लहान उघड्या गाड्यांच्या शर्यतीच्या, राष्ट्रीय फेऱ्या मात्र कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर झाल्या.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो विद्यार्थ्यांचा वर्ग. ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेसाठी अभियांत्रिकीची मुलं स्वतः गाडी बनवून कोइंबतूरला नेतात. वर्षभराची मेहनत भाड्याच्या ट्रकमध्ये चढते तेव्हा ती कशी बांधायची हे मुलांना शिकवलेलं नसतं, आणि चालकालाही असला माल नवा असतो. चाकांवरून पट्टा घ्या, अंगावरून नको, एवढं एक वाक्य दोघांना माहीत असलं तरी एखाद्या संघाचं वर्ष वाचेल.

ट्रक स्वतःच शर्यतीत

डकार रॅलीत ट्रक मागे राहत नाही, तो शर्यतीतच धावतो. २०२० पासून ही रॅली सौदी अरेबियाच्या वाळवंटात होते.  स्पर्धक ट्रकमध्ये तिघं असतात: चालक, वाट सांगणारा आणि मेकॅनिक. काही ट्रक जिंकण्यासाठी धावतातच. पण काहींचं काम असतं आपल्या संघाच्या मोटारीच्या मागोमाग सुटे भाग घेऊन जायचं, आणि ती वाळूत मोडून पडली की तिथेच दुरुस्त करायची. बाहेरच्या मदतगाडीला त्या वाटेवर प्रवेश नसतो, म्हणून मदतगाडीनेच स्पर्धक व्हायचं.

भारतात टाटा मोटर्सने मार्च २०१४ मध्ये बुद्ध सर्किटवर ट्रकांचीच शर्यत सुरू केली. पहिली दोन वर्षं चालक परदेशी होते. २०१६ मध्ये महामार्गावर माल वाहणाऱ्या भारतीय चालकांमधून निवड करून, त्यांना शिकवून, त्यांना ट्रॅकवर उतरवलं गेलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. चांगला चालक ओळखता येतो आणि घडवता येतो, हे एका मोठ्या कंपनीने उघडपणे मान्य केलं.

एमएच-२२ च्या, म्हणजे परभणीच्या, चालकाला काय लागेल?

युरोपातल्या संघात जायचं तर भारतीय परवाना पुरत नाही. ब्रिटनमध्ये तो बदलून मिळत नाही. तिथे ट्रेलरसह जड वाहनाची परीक्षा नव्याने द्यावी लागते, शिवाय व्यावसायिक चालकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते टिकवायला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. इंग्रजी किंवा त्या देशाची भाषा, टायरचं काम, विजेच्या तारांची थोडीफार ओळख, आणि महिनोन्‌महिने घराबाहेर राहण्याची तयारी. यातली शेवटची गोष्ट आपल्या चालकांकडे आधीपासून आहे, आणि रिव्हर्सचा हातही.

त्यांच्याकडे नाही ती मोजलेली झोप. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं ठरवून दिलं होतं. तासांच्या मर्यादेत हा कायदा युरोपातल्या नियमांपेक्षा चालकाच्या बाजूने जास्त उदार होता. पण आपल्या साध्या मालट्रकमध्ये ते तास नोंदवणारं कार्ड नसतं, त्यामुळे नियम पाळला गेला की नाही हे कुणालाच दाखवता येत नाही. आणि भाडं ठरतं ते ट्रिपवर. एक गोष्ट मात्र बदलली: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. मराठवाड्याच्या मे महिन्यात ज्याने दुपारी केबिनमध्ये झोपायचा प्रयत्न केला असेल, त्याला या सोयीची किंमत सांगायला नको.

समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना–नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. सरळ, रुंद, फाटे नसलेला रस्ता; अशा रस्त्यावर थकलेल्या माणसाला झोप लवकर लागते. तो बांधतानाच ट्रकांना रात्रभर थांबता येईल अशा जागा, पाणी, संडास आणि झोपायच्या खोल्या आराखड्यात घालाव्यात, आणि त्या ठिकाणी नऊ तास थांबलेल्या चालकाची ट्रिप मालकाने उशिराची धरू नये, अशी माझी मागणी आहे.